न हलणारा तडा

मला लिहिता येतं अशातला भाग नाही. पण बायको म्हणाली, "पोरीपुढे तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही, निदान कागदावर तरी उतरवा." म्हणून हे.

आमची मुलगी काच कापते. दुकानांच्या दर्शनी भागाच्या मोठमोठ्या काचा. काच टेबलावर आडवी टाकायची आणि कटरने एका दमात रेघ ओढायची. मध्येच हात थबकला की काच वाया.

तिला अर्धशिशी आहे. आधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ येते, मग अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. ती रेघ दोनदा तिला काचेवरच दिसली. "तडा आहे," म्हणून तिने काच भंगारात काढली. काच धडधाकट होती.

मालक म्हणाले, "पुन्हा असं झालं तर कापायचं मोठं टेबल घासूला देईन."

घासू म्हणजे काचेच्या कडा घासणारा. तो घाबरलाच. "मला कशाला मध्ये ओढता? माझी रेघ तर मांजर आडवं गेल्यासारखी वाकडी येते!"

मग मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या वेदनाशामक गोळ्यांचं विचारलं. जवळजवळ रोजच घेते म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आता गोळ्यांनीच डोकं दुखत असेल." त्या कमी करायला लावल्या. एक गोळी रोजची दिली, डोकं दुखो न दुखो. दुसरी, त्रास सुरू होताच घ्यायची. झोप आणि जेवण वेळेवर. "आणि रेघ दिसली तर नजर फिरवा. नजरेबरोबर सरकली तर ती तुमच्या डोक्यातली. काचेला बोल लावू नका."

सुरुवातीचे आठवडे वाईटच गेले. हातातलं काम संपेपर्यंत न जेवायची तिची खोड, म्हणून मी रोज डबा घेऊन जाऊ लागलो.

"बाबा, तुम्ही डबा आणता की पहारा देता?"

"दोन्ही," म्हणालो. हळूहळू त्रास कमी झाला. तरी तिने नुसता डोळा चोळला की मी विचारायचो, "रेघ दिसतेय का?"

परवा मी पोचलो तेव्हा ती कटर धरून थिजली होती. "कोपऱ्यात तडा आहे."

घासूने यंत्र बंद केलं. मालक आले, वाकून बघितलं. "मला तर काही दिसत नाही." मलाही दिसेना. माझे डोळे ते काय!

तिने दाराकडे पाहिलं. मग छताकडे. मग पुन्हा काचेकडे. पुन्हा दाराकडे. मी डबा खाली ठेवला.

"हलत नाही!" ती ओरडली. "बाबा, हलत नाही! खरा आहे!"

मालकांनी नख फिरवलं. नख अडकलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "एवढी महाग काच फुटकी निघाली आणि ही नाचतेय!"

"टेबल राहिलं ना तिचं," घासू म्हणाला. "आणि मी सुटलो."

"राहिलं, राहिलं. काच परत पाठवा."

मी डबा उघडला. ती मुकाट्याने जेवायला बसली. पण घासागणिक दाराकडे बघायची, मग डब्याकडे.

"काय गं?"

"काही नाही. डबा हलत नाही ना, खात्री करतेय."

मग मीही तिच्या डोळ्यांकडेच बघत बसलो.