पांगा!

पानटपरीसमोर चार माणसं एका जागी उभी दिसली, की सुभेदारमामांचा जीव खालीवर व्हायचा. लांबूनच ते गरजायचे, "पांगा रे! पांगा! एका फटक्यात चौघं बी जाताल!" टपरीवाला तोंडाला फडकं लावून हसायचा. मी मुद्दाम आणखी दोघांना हाक मारून बोलावून घ्यायचो, म्हणजे मामांचा आवाज एक पट्टी आणखी चढायचा.

सबंध ताडकळसचे ते मामा. पायदळातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, मिशा कापसाच्या फुटलेल्या बोंडासारख्या पांढऱ्या. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यावर थांबून आभाळ न्याहाळायचे. परक्या माणसाला वाटे, पावसाचा अंदाज घेताहेत.

मूळचे मामा असे नव्हते. त्यांची सगळी विद्या दोन वाक्यांत मावायची: "शत्रू समोरून येतो" आणि "जोडीदाराचा खांदा सोडायचा न्हाई." खंदक खोल खणावा, पाय रोवून बसावं, शत्रू टप्प्यात येईतो श्वास रोखावा. हेच त्यांनी मुलाला, दत्ताला, अंगणात उभं करून शिकवलं. दत्ता पायदळातच गेला, हवालदार झाला. एका सुटीत तो आलेला असताना मामांनी जेवता जेवता विचारलं, "आता खंदक किती खोल खणता रं?"

"खणतो की, आबा. पर त्याला वरून झाकण पायजे. आन् एका जागी लय वेळ बसायचं न्हाई. शत्रू आता आधी वरून बघतो. दोघातिघांनी हिंडायचं, बाकीच्यांनी लांब लांब. फोन तर बंदच. चालू केला की जागा कळती."

मामांचा घास हातातच राहिला. "म्हंजी मी तुला शिकिवलं ते समदं..."

"समदं न्हाई, आबा. श्वास रोखायचं कामाला येतंय."

दत्ता हसला. मामा हसले नाहीत. तो गेल्यावर या निवृत्त माणसाने नव्याने अभ्यास धरला. दूरदेशीच्या लढायांचे व्हिडिओ मोबाईलवर बघत बसायचे. एवढा थोरला रणगाडा, त्याच्यावर घिरट्या घालणारा भुंग्याएवढा ड्रोन, मग धूर. पुढ्यातला चहा गार होऊन जाई. बाजाराच्या दिवशी तर त्यांनी कांदेवालीलाच दुकान लांब लावायला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, समदे पांगून बसलो तर गिऱ्हाइकानं काय दुर्बीण आणावी का?"

शेवटी मामांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बाळूला ड्रोनसकट शेतात बोलावलं. जोडीदार मी. तुरीत आम्ही दोघं पालथे, अंगावर मामींचं हिरवं लुगडं, त्यावर तुरीचे डहाळे. वर भुणभुण, खाली माझ्या कानात मुंग्या. मला हसू आवरेना. मामा दात खाऊन म्हणाले, "हसू नको, लुगडं हलायलंय!"

थोड्याच वेळात बाळू बांधावरून ओरडला, "घावले!"

"आमी दिसलो का?"

"तुमी न्हाई दिसत, मामा. तुमी गेलेली वाट दिसायली. तूर मोडलीय, थेट तुमच्यापस्तोर."

मी टाळ्या वाजवत लुगड्यातून बाहेर आलो. मामा उठून बसले आणि त्या मोडलेल्या तुरीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दत्ताला हे ठावं असंल का रं?"

माझी पुढची टाळी वाजलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तापलं. टीव्हीवरची माणसं किंचाळू लागली आणि दत्ताचा फोन बंद झाला. मामी मोबाईल पदरात बांधून फिरायच्या. मामा म्हणायचे, "फोन बंद हाय तवर पोरगं शाणं हाय."

"तुमचं काळीज हाय का दगड?" मामी विचारायच्या. मामा उंबऱ्यावर जाऊन आभाळाकडे बघत. ताडकळसच्या आभाळात घारीशिवाय काही नसे, तरी बघत.

एका दुपारी मी तिथे बसलेलो असतानाच मामींच्या पदरात फोन वाजला. त्यांना गाठ सुटेना. मामांनी ती दातांनी सोडली आणि फोन कानाला लावून ओरडले, "कशाला केलास फोन? अक्कल हाय का?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "आबा, मागं आलोय, छावणीत. साहेबांनीच फोन करा म्हणून सांगितलंय."

"जवळ किती जण हायत?"

"पाच-सहा. समदेच घरी फोन करायलेत."

"पांगा म्हण त्यांला! पांगा!" एवढं गरजून मामांनी फोन मामींच्या हाती दिला आणि ते मागल्या दारी गेले. मी गंमत बघायला मागोमाग गेलो. ते हौदापाशी तोंड धूत होते. धुऊन झालं तरी धूतच होते. मी आल्या पावली परतलो.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. दत्ता आला. स्मशानात सारं गाव लोटलं, पण मामांच्या समोर घोळका करून उभं राहायची कुणाची छाती होईना. टपरीवाला बाभळीखाली, बाळू पार बांधाला, मी एकटाच विहिरीजवळ. दत्ताने आधी आभाळाकडे पाहिलं, मग लांब लांब उभ्या असलेल्या आमच्याकडे.

"आज पांगू नका," तो म्हणाला. "जवळ या."

आम्ही गेलो. खांद्याला खांदा लागला.