पिकअप नसलेल्या गाडीने पाचगणी

गाडी विकायची नाही हे मी तीन वेळा सांगितलं होतं. चौथ्यांदा मुलगा म्हणाला, "आई, रविवारी एकजण बघायला येतोय." तेव्हा मी त्याला म्हटलं, "येऊ दे. गुरुवारी मी ती पाचगणीला नेते. स्वतःच्या चाकांवर वर गेली आणि परत आली, तर त्याला नको म्हणून कळवायचं. टो करून आणावी लागली, तर चावी तुझी."

"डील," निखिल म्हणाला. तो हडपसरच्या आयटी पार्कात काम करतो. तिथे सगळ्याचं डीलच होतं.

गाडी पंधरा वर्षांची, कार्बुरेटरची. बँकेतून निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी मी ती स्वतःच्या पगारातून घेतली आणि स्वतःच चालवली. दसऱ्यानंतर चार दिवसांनी तिला दुखणं लागलं. उभी असताना इंजिन एकसारखं चाले. हळू नेली तर तक्रार नाही. पण अॅक्सिलरेटरवर पाय दाबला की वेग वाढायच्या ऐवजी गाडी दबायची, जणू कोणी मागून धरून ठेवलीय. दोन गॅरेजं झाली. पहिल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने गाडी जागच्या जागी रेस करून पाहिली आणि माझ्याकडे न बघता निखिलला सांगितलं, "इंजिन ओके आहे साहेब. काकू क्लचवर पाय ठेवून चालवतात. वयोमानाने होतं."

त्यानंतर निखिलने 'ड्रायव्हर ठेवू' हा विषय काढला आणि मग गाडीला गिऱ्हाईकच काढलं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या दिवसापासून मी खरोखरच आपल्या डाव्या पायावर लक्ष ठेवून गाडी चालवायला लागले होते.

सोबतीला कुमुद होती, माझी कॉलेजची मैत्रीण. तिला गाडी येत नाही, पण गाडीविषयी मतं आहेत. सकाळी साडेसहाला सदाशिव पेठेतून निघालो. तुम्ही जाणार असाल तर याहून उशीर करू नका. साडेसातनंतर स्वारगेटचा चौक तुमचा उत्साह तिथेच काढून घेतो. बायपासचा बोगदा टाळून मी मुद्दाम जुन्या कात्रज घाटाने गेले. दुखणं बघायचं तर चढावरच बघावं.

ते लगेच दिसलं. दुसऱ्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दबली. दुसरा टाकला, तरी रडतखडतच. मागे बसवाला हॉर्नवर बसलेला.

"चालत निघालो असतो तर एव्हाना माथ्यावरचा जुना बोगदा आला असता," कुमुद म्हणाली.

"उतर मग."

ती उतरली नाही. तिने डबा उघडला आणि गुळाची दशमी माझ्या हातात दिली. घाटात एका हाताने गाडी चालवू नये. मी दशमी डॅशबोर्डवर ठेवली आणि माथ्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्यावर गेले. क्लचवर पाय नव्हता. दोनदा बघितलं.

खेड शिवापूरच्या टोलसाठी सुटे जवळ ठेवा, नाहीतर उरलेल्या पैशांच्या जागी गोळ्या मिळतात. शिरवळपर्यंत रस्ता सपाट, त्यामुळे साठच्या वेगाने गाडी मुकाट आली. तिथे मिसळ खाल्ली. रस्सा जहाल, शेव ताजी, पाव बेताचा. पुढे खंबाटकी घाट होता. पुण्याकडून जाताना तो चढावाच लागतो. बोगदा फक्त परतीच्या वाटेला. या अवस्थेत चढले तर मधेच थांबणार हे मला कळत होतं.

हॉटेलशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज होतं. तानाजी नावाचा चाळिशीचा मेकॅनिक ट्रॅक्टरखालून बाहेर आला. मी लक्षणं सांगितली. त्याने मान हलवली.

"पेट्रोल कमी येतंय मावशी. पंप गेला आसंल. साताऱ्याहून मागवावा लागंल, उद्या दुपारपत्तुर बसवून देतो."

"पेट्रोल कमी येतंय हे कशावरून?"

"अनुभव हाय."

"माझी भौतिकशास्त्राची पदवी आहे. तुमचा अनुभव आणि माझी पदवी दोन्ही तपासू. मोटारसायकल आहे का? मी गाडी जोरात काढते, तुम्ही मागून या. दबली की धुराचा रंग बघा."

"धुराचा?"

"धूर नसेल तर पेट्रोल कमी, पंप तुमचा. काळा असेल तर पेट्रोल भरपूर आणि हवा कमी. मग पंपाचं नाव काढायचं नाही."

त्याने कुमुदकडे पाहिलं. कुमुद म्हणाली, "जा हो. ती ऐकत नाही. आम्ही चाळीस वर्षं बघतोय."

सेवारस्त्यावर मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. गाडी दबली. आरशात तानाजी हाताने तोंडासमोरची हवा झटकताना दिसला. परत आल्यावर तो गाडीवरून उतरायच्या आधीच म्हणाला, "काळा हाय. चुलीवानी."

आता दोघांनाही उत्साह आला. हवा कमी म्हणजे फिल्टर. त्याने गोल डबा उघडला. फिल्टर मळलेला, पण असा दम कोंडण्याइतका नाही. मग त्याने डब्याला जोडलेला, समोरच्या जाळीकडे जाणारा हवेचा पाइप सोडवला, त्यात दोन बोटं घातली आणि ओढलं.

बाहेर आला वाळलेला झेंडू. आधी एक फूल, मग सुतळीसकट आणखी चार.

कुमुद म्हणाली, "शैला, हा तुझा हार."

माझाच. आमच्या गल्लीत दसऱ्याला गाडीच्या तोंडाशी हार बांधला की तासाभरात मोकाट गाय येऊन खाऊन जाते. शिवाय माझं ठाम मत की पूजा यंत्राची करायची, बंपरची कसली. म्हणून यंदा मी बॉनेट उघडून हार आत, जाळीच्या मागे, इंजिनाच्या तोंडाशी बांधला होता. चार दिवसांत तो वाळला आणि त्याचा एक तुकडा पाइपात ओढला गेला. उरलेला मी काढून टाकला, तेव्हा त्यात काही कमी आहे हे लक्षातच आलं नाही. उभ्या गाडीला हवा थोडी लागते, तेव्हा फुलं सैल पडून राहत. पाय दाबला की इंजिन जोराने श्वास घेई आणि फुलं घट्ट बसून त्याचं नाक बंद करत. म्हणून गॅरेजमध्ये काही सापडलं नाही. गाडीवर ओझं असताना कोणी तपासलंच नव्हतं.

"देवाचं केलं अन् इंजिनाला बाधलं," तानाजी हसत म्हणाला. पाइप फुंकून त्याने परत जोडला, फिल्टर झटकून बसवला. पैसे अगदीच किरकोळ सांगितले. मी जास्त दिले, कारण माझं ऐकून घेणारा तो पहिला होता.

"हे निखिलला सांगणार?" कुमुदने विचारलं.

"त्यालाच काय, ब्लॉगवर लिहिणार."

खंबाटकी आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. दोन ट्रक मागे टाकले. वळणावळणावर सोनकीची पिवळी फुलं होती, पण मला पाहायला सवड नव्हती. कुमुदने दोघींच्या वाट्याचं पाहिलं. सुरूर फाट्यावरून वाईला वळलो, कृष्णेच्या घाटावर पाय धुतले, पिठलं-भाकरी जेवलो. पसरणी घाट अरुंद आहे, वर चढणाऱ्याला वाट द्यायची हे पर्यटकांना माहीत नसतं, तेव्हा हॉर्न वाजवायला लाजू नका. पाचगणीत आठवड्याच्या मधल्या दिवशी खोली सहज आणि स्वस्तात मिळते. टेबललँडच्या पठारावर घोडेवाल्यांना एकदाच, पण स्पष्ट, नाही म्हणा.

संध्याकाळी तिथेच निखिलचा फोन आला. "कुठे आहेस?"

"वर."

"ठीक आहेस ना?"

"कृष्णेचं खोरं बघतेय. ठेव आता."

शुक्रवारी दुपारी चारला आम्ही पेठेत परत होतो. शनिवारी तो घरी आला, तेव्हा मी त्याला झेंडूची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

"म्हणजे चूक तुझीच होती," तो म्हणाला.

"हार बांधण्याची. ती माझी, पूर्ण. चालवण्याची नव्हती. पंधरा दिवस तुम्ही सगळे मला चालवण्याबद्दल सांगत होतात, आणि मी ऐकत होते."

या प्रवासातून उरलं असेल तर एवढंच. पाचगणी छान आहे, ती जागची हलत नाही, तुम्हीही बघाल. पण परतताना बोगद्यातून बाहेर पडल्यावर मला जाणवलं की सकाळपासून मी पायाकडे एकदाही बघितलेलं नाही. वय झालं म्हणणाऱ्यांना आधी बॉनेट उघडायला लावा. आत काय निघेल ते सोसायची तयारी मात्र ठेवा.

निखिलने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला. "तूच सांग."

मी सांगितलं, गाडी विकायची नाही.

"का हो मॅडम? गाडीत काही खोट निघाली का?"

"नाही निघाली. म्हणूनच."