मशीन ठीक आहे

त्यांना सगळे मशीनवाले काका म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात. एक बाळाचे ठोके ऐकतो, दुसरा कळा मोजतो. सुई नाही, टोचणं नाही. ती मशीनं दुरुस्त करणं हे काकांचं काम. पाच दवाखाने त्यांच्याकडे होते. मशीन बिघडलं की "काका, आहात कुठे?" आणि चालू झालं की काकांना चहासुद्धा कुणी विचारायचं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

कळांचा पट्टा तपासायला ते तो स्वतःच्याच पोटावर बांधत आणि पोट फुगवत. कागदावरची रेघ डोंगर चढायची. "काका, कितवा महिना?" सिस्टर विचारायच्या. "भरत आलेत," काका म्हणायचे. हा विनोद वीस वर्षं चालला आणि काकांना तो दर वेळी नवा वाटे, कारण दिवसभरात त्यांच्याशी दुसरं कुणी बोलतच नसे. लग्नाचं जमलं नाही. घराला कुलूप लावणारे तेच, काढणारेही तेच. एकटेपणा अंगवळणी पडतो म्हणतात, ते खोटं आहे.

त्या दुपारी सिस्टरनी घाईनं बोलावलं. पडद्याआड एक पहिलटकरीण कण्हत होती. काका नेहमीप्रमाणे तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"कळ ओसरली तरी ठोके खालीच राहतात," सिस्टर म्हणाल्या. "एकशे चाळीसवरून नव्वद! परवाच दुरुस्त केलंत ना? डॉक्टरांना बोलवायचं आणि घोळ मशीनचा निघायचा. मागच्या खेपेला केवढं हसं झालं माझं."

काकांनी पट्ट्यातली ठोके ऐकणारी डबी मागून घेतली, जेल लावून तळहातावर टेकवली आणि घड्याळाकडे बघत तिच्यावर टिचक्या मारल्या. सेकंदाला दोन. आकडा आला एकशे वीस. हळू मारल्या, आकडाही तेवढाच उतरला. एरवी दुरुस्ती साधली की त्यांची छाती फुगायची. आज मात्र त्यांना मनापासून वाटलं, आपलं काम फसलेलं असू दे. मशीनच बिघडलेलं असतं तर दहा मिनिटांचा प्रश्न होता.

"सिस्टर, मशीन ठीक आहे."

"नीट बघा हो."

"दोनदा बघितलं. डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता!" काकांचा आवाज कधी चढत नसे, तो चढला.

डॉक्टरांनी कागदावर एक नजर टाकली आणि पोरीला थेट ऑपरेशनला नेलं. काका बाहेर बाकावर बसले. कामाच्या कागदावर सिस्टरची सही हवी, हे निमित्त. खरं म्हणजे पाय निघत नव्हता.

तासाभरानं सिस्टर आल्या. "अजून इथंच? मुलगी झाली हो! नाळ गळ्याभोवती होती. पण रडली, चांगली खणखणीत रडली." सही ठोकून त्या नातेवाइकांकडे धावल्या. तिकडे एकच कल्ला झाला. काकांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

रस्त्यावर आल्यावर आनंद काकांच्या पोटात मावेना. त्यांनी फोन काढला. त्यात माणसांची नावं नव्हतीच, होते ते दवाखान्यांचे विभाग. त्यातलाच एक नंबर त्यांनी लावला.

"बोला काका," तिकडच्या सिस्टर म्हणाल्या. "आमचं मशीन तर झकास चाललंय. तक्रार कुणी केली?"

"कुणी नाही. सहज केला."

"बरं, ठेवू मग? गडबडीत आहे."

"ठेवा, ठेवा," काका म्हणाले. मुलीचं सांगायचं तसंच राहिलं.