मथूला तीळ चालत नाहीत

सुमतीच्या हलव्याला जसा काटा यायचा तसा अख्ख्या कल्याणात कुणाच्या हलव्याला येत नसे, आणि हे तिला स्वतःला चांगलंच ठाऊक होतं. पौषातली थंडी पडली की ती मंद शेगडीवर परात ठेवून बसे. परातीत तीळ, बाजूला साखरेचा पाक. चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचे, पुन्हा थोडा पाक, पुन्हा बोटं. चार-चार दिवस हा उद्योग चाले, बोटांची कातडी निघून येई, तेव्हा कुठे पांढऱ्याशुभ्र दाण्यावर काटा धरे. मग ते दाणे दोऱ्यात ओवून ती हार, बाजूबंद, मुकुट करी. अठराशे ऐंशीच्या आसपास त्या गावात जन्मलेल्या कितीतरी पोरांची पहिली संक्रांत तिच्याच दागिन्यांत झाली.

अशा बाईच्या पोटच्या पोरीला तीळ चालू नयेत, याला काय म्हणावं? खोडी काढायला देवाला दुसरं घर सापडलं नाही का, असं सुमती देवघरापुढे उभी राहून विचारी.

मथू वर्षाची असताना तिचं बोरन्हाण झालं. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले, बायका हसल्या, आणि मथूने गळ्यातल्या हाराचा एक दाणा तोंडात घातला. घटकाभरात तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, पोटातलं सगळं बाहेर पडलं. "दृष्ट लागली," बायका म्हणाल्या. दृष्ट काढली. गांधी बसेनात म्हणून सगळ्याजणींनी मिळून पोरीला तेल चोळलं. कसलं? तिळाचं. पोर आणखीच लालभडक झाली. पुढे दिवाळीच्या अभ्यंगाला पुन्हा तोच प्रकार झाला, तेव्हा सुमतीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने तेलाचा बुधला उचलून शेजारणीला देऊन टाकला आणि घरात खोबरेल आणलं. हलवा ती मागच्या पडवीत करू लागली, आणि हात-तोंड धुऊन लुगडं बदलल्याशिवाय पोरीला जवळ घेईना.

मग सुरू झाली शहाण्या माणसांची रांग. वैद्य म्हणाले, "तीळ उष्ण, कोवळं शरीर. मोठी झाली की जाईल." भटजी म्हणाले, ग्रह आहे, मोठी झाली की जाईल. आगगाडीत बसून ती मथूला ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरने जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि सांगितलं की तीळ देऊ नका, मोठी झाली की जाईल बहुतेक. हे 'बहुतेक' ऐकायला सुमती कल्याणाहून ठाण्याला गेली होती.

"मोठी म्हणजे केवढी?" तिने वैद्यांना पुन्हा गाठून विचारलं.

"दुधाचे दात पडले की बघा," वैद्य म्हणाले.

सातव्या वर्षी मथूचे पुढचे दात पडले. त्याच दुपारी सुमतीने तिच्या जिभेवर एक तीळ ठेवला. ओठ सुजले. नवरा त्र्यंबक मामलेदार कचेरीत कारकून होता. तो संध्याकाळी घरी आला, सुजलेल्या मुलीकडे बघून जोडे काढता काढता म्हणाला, "अजून लहान आहे. मोठी झाली की जाईल." सुमतीने हातातली पळी अशी आपटली की तिचा दांडा वाकला.

पण ती नुसती चिडून बसणारी नव्हती. तिने मथूला पढवलं. तिळगूळ कुणी दिला तर हातात घ्यायचा, वाकून नमस्कार करायचा, परकराच्या ओच्यात टाकायचा आणि घरी आणायचा. कुणी भरवायला आलंच, तर तोंडावर हात ठेवायचा. काही झालं तरी हात काढायचा नाही. "का?" मथूने विचारलं होतं. "घसा बंद होतो आणि माणूस मरतं," सुमती म्हणाली. पोरीने ते असं मनावर घेतलं की संक्रांतीला ती घराबाहेर नुसत्या नाकाने श्वास घेई.

नवव्या वर्षी मथूचं लग्न ठरलं. स्थळ ठाण्याचं, नौपाड्यातलं, चांगलं खातंपितं. सुमतीचं म्हणणं होतं की आधीच सांगून टाकू. त्र्यंबक म्हणाला, "सांगितलंस की ते उठून जातील. मुलीत खोड आहे म्हणून गावभर होईल, मग बस तिला घरी घेऊन." वैशाखात लग्न झालं. मुलगी लहान म्हणून रीतीप्रमाणे माहेरीच राहिली. पण पहिली संक्रांत सासरी व्हायची होती, आणि विहीणबाई सुहासिनीबाईंचा निरोप आला की हलव्याचे दागिने तुमच्याच हातचे हवेत, तिळगूळ मात्र मी माझ्या हाताने भरवीन.

तेव्हा सुमतीने जे केलं ते कुणालाच सांगितलं नाही. गणपती झाल्यावर एका दुपारी तिने एक तीळ वाटून मथूच्या भोपळ्याच्या भरतात घातला आणि समोर बसून राहिली. काही झालं नाही. चार दिवसांनी दोन. मग पाच. प्रत्येक वेळी तिचा जीव मुठीत. मार्गशीर्षात मथूने चमचाभर तिळाचं कूट मिसळलेलं भरीत मिटक्या मारत खाल्लं, वर आणखी मागितलं. सुमती मागच्या पडवीत गेली आणि तोंडाला पदर लावून पोटभर रडली. गेलं होतं. खरंच गेलं होतं.

"मथे, तुला आता तीळ चालतात," तिने आनंदाने सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते."

"तूच तर सांगितलंस की घसा बंद होतो."

महिनाभर सुमतीने समजावलं, गोंजारलं, रागावली, एकदा पाठीत धपाटाही घातला. लाडू समोर धरला की मथूला उमळून येई. जो लाडू पोटात सुखाने राहिला असता तो ओठांपाशीच अडे. आधी अंग ऐकत नव्हतं, आता पोरगी ऐकेना. या घरात सरळ काही होणारच नाही का, असं सुमतीला वाटे आणि तिच्या डोळ्यांत रागाने पाणी येई.

संक्रांतीला मथू नौपाड्यात काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसली. हार, बाजूबंद, मुकुट, कमरपट्टा, असा हलवा सुमतीने आयुष्यात केला नव्हता. बायका वाकून वाकून काटा बघत होत्या, सोबत आलेली सुमती शेजारीच बसली होती. सुहासिनीबाईंनी लाडू उचलला. "घे गं," त्या प्रेमाने म्हणाल्या.

मथूने तोंडावर हात ठेवला. शिकवला होता तसा, घट्ट.

सुहासिनीबाईंचा हात तसाच राहिला. कुणीतरी कुजबुजलं. सुमतीचा आठ वर्षांचा कंटाळा एकदम वर आला. "अगं, खा की. चार महिने खाते आहेस. भरतात घालत होते मी."

मथूने हात काढला. आईकडे बघितलं. आईवरची नजर न काढता तिने सासूच्या हातचा लाडू खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. ओठ सुजले नाहीत, गांधी उठल्या नाहीत. सुहासिनीबाई खूश झाल्या, म्हणाल्या, "माहेरी लाडावलेली दिसते." सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेकी कल्याणला परतल्या. सुमतीने मऊ भात, वरण, वर खोबऱ्याची चटणी असं ताट वाढलं. मथूने ताट पुढे ओढलं नाही.

"यात काय घातलंयस?" तिने विचारलं.

"काही नाही गं."

मथूने चटणी बोटाने पसरून बघितली, वास घेतला, आणि ताट बाजूला सारून कोरडा भात मागितला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला तशी सुमती त्र्यंबकापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "माझ्या हातचं खात नाही हो ती."

त्र्यंबकाने चष्म्यावरून वर पाहिलं.

"लहान आहे," तो म्हणाला. "मोठी झाली की जाईल."