बॉनेटवर हात ठेवून

संशय हे माझं जुनं दुखणं. डेअरीत दुधाची फॅट लावतात तेव्हा मी खिडकीला नाक लावून उभी असते. गाय घ्यायची झाली तर विकणाऱ्याकडं संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची, अशी दोन्ही वेळची धार मी स्वतः काढून बघते, मगच इसाराचं बोलते. आमच्या निरवांगीत मला यावरून नावं ठेवतात. ठेवू देत. माझ्या गोठ्यात आजवर एकही खोड असलेली गाय आलेली नाही.

पण मोटारीला धार नसते, आणि मला मोटार घ्यायची होती. जुनी, परवडणारी, मागे डिकी असलेली छोटी सेडान. डिकी कशाला, तर व्हीलचेअर ठेवायला.

आमच्या मालकांनी चोवीस वर्षं ट्रक चालवला. उसाचा सीझन लागला की महिनोन्‌महिने कारखान्याच्या फेऱ्या. अशा माणसाच्या हातातून एका सकाळी चहाचा कप सुटला आणि डावी बाजू गेली. जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. दोनदा नेलं. भाड्याची जीप उंच, म्हणून गल्लीतल्या चौघांनी उचलून चढवायचं. दुसऱ्या खेपेला चौकातच त्यांची लुंगी सुटली. पारावरची माणसं बघत होती. घरी आल्यावर म्हणाले, "मी काय उसाची मोळी हाय? आता मी कुठं जायाचा न्हाय." आणि खरंच दोन महिने उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. डाव्या हाताची बोटं आत वळायला लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, असंच चाललं तर पुढं हा हात उघडणार नाही.

मला इतका राग यायचा त्यांचा. रात्रंदिवस राबून माणसाला उभं करू बघावं आणि त्यानं लुंगीपायी हट्ट धरावा. पण सेडानची सीट बुटकी असते, खुर्चीवरून सरकत सरकत आत बसता येतं, कुणी उचलायला लागत नाही, हे त्यांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं. मी तो शब्द पकडला.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खाटेवरून मला शिकवलं. "विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नको, गाडीकडं बघ. सांगितलेल्या वेळंच्या आधी जा. पयला बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, गड्यानं आधीच चालू करून ठेवलीय. थंड गाडीच खरं बोलती." अजून बरंच सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

मी आणि धाकटे दीर निघालो. दीर पिकअप चालवतात, त्यांना गाडीतलं कळतं, पण माणूस भोळा. बारामतीत पहिली गाडी बघितली ती एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं. लखलखीत, आणि आत अत्तराचा असा घमघमाट की डोकं उठावं. एवढं अत्तर कशावर मारलंय, हे मला आधी बघायचं होतं. मी डिकीतलं चाक काढायला लावलं. खालच्या खळग्यात बोटभर गाळ, म्हणजे गाडी पुरात बुडून आलेली.

"वॉशिंगचं पाणी हाय, ताई," व्यापारी म्हणाला.

"तुमच्या वॉशिंगला नदीचा गाळ येतो होय?" मी म्हटलं.

तो दिरांकडं वळला आणि यापुढं सगळं त्यांच्याशीच बोलायला लागला. मी तशीच चालायला लागले. पुढच्या रविवारी पणदऱ्याची गाडी. तिथला गाडीवाला शपथेवर सांगत होता की कधी कुठं घासलीसुद्धा नाही, आणि दाराच्या बोल्टांचा रंग खरवडलेला. दार बदललेलं होतं. शपथा घेणारी माणसं मला तशीही आवडत नाहीत.

तिसरी काटेवाडीची. विकणारे तात्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पांढरी टोपी, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्याला मी जास्तच जपून असते. तासभर आधी पोचलो. मी राम राम करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम.

"मंडळीला दवाखान्यात सोडून आलो," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, सगळ्यांच्या मंडळी बऱ्या नेमक्या आजच आजारी पडतात. तोंडानं म्हटलं, "उद्या सकाळी परत येतो. तोवर चालू करू नका."

दीर वाटेत माझ्यावर चिडले. "वयनी, म्हातारा चांगला वाटतोय की."

"चांगला वाटतोय म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात. बॉनेटवर दव होतं. हात ठेवला, गारठला. किल्ली फिरवली, एका झटक्यात चालू झाली. ऑइलचं टोपण उघडून बघितलं, मॅट उचलून खाली हात फिरवला, आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी आकडा आकडा करून लावला. दिरांनी बारामतीपर्यंत चालवून आणली. म्हणाले, क्लच तर लोण्यासारखा. काहीच सापडेना. मला घाम फुटला. एवढी धड गाडी माणूस एवढ्या कमी भावात का देतोय?

"विकता कशाला?" मी सरळ विचारलं.

"डोळ्याला कमी दिसतंय, ताई. पोरगं चालवू देत न्हाय."

हेही मला पटलं नाही. म्हटलं, गाडी आमच्या घरी घेऊन या, आमचे मालक बघतील. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि येताना सगळी बिलं आणा.

तात्या दोन दिवसांनी आले. गाडी दिरांनीच आणली, तात्या शेजारी बसून. अंगणात उभी केली. मी बिलांची पिशवी घेऊन ओट्यावर बसले आणि एकेक कागदावरचा गाडीचा नंबर तपासायला लागले. तेवढ्यात मालक म्हणाले, "मला बसव."

मी डाव्या बाजूचं दार उघडलं.

"तिकडं न्हवं. स्टेरिंगला."

दिरांनी खुर्ची लावली. त्यांनी उजवा हात दाराच्या वर धरला, सरकले, आणि बसले. कुणी उचललं नाही. मग दिरांनी डावा पाय उचलून आत ठेवला. त्यांनी इंजिन चालू केलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. दोन महिन्यांत तो चेहरा मी बघितला नव्हता. तेव्हा मला कळलं, हे माझ्यासारखं डिकी आणि सीट बघत नव्हते. हे गाडी चालवायला निघाले होते.

तोच डावा पाय क्लचवर होता. त्यांनी जोर लावला. मानेच्या शिरा ताठल्या, ओठ वाकडा झाला. पाय नुसता थरथरला आणि बाजूला घसरला. त्यांनी उजव्या हातानं तो उचलून परत पेडलवर ठेवला. परत घसरला. इंजिन आपलं चालूच.

शेवटी त्यांनी किल्ली बंद केली. आमच्याकडं न बघता म्हणाले, "क्लच जड हाय. गाडी नगं."

आणि माझ्या हातात त्या वेळी क्लच-प्लेटचंच बिल होतं. गेल्या वर्षीचं, नवी प्लेट, गाडीचा नंबर बरोबर. तात्यांनी ते बिल बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आता हा म्हातारा बोलणार, मी मनात म्हटलं. आपल्या गाडीला नावं ठेवलेली कोण ऐकून घेईल? मी ते बिल मुठीत चुरगाळलं आणि मूठ पदराखाली घेतली.

तात्या गाडीजवळ गेले. "व्हय, पाव्हणं," ते म्हणाले, "क्लच जरा जडच हाय. मी बोललो न्हाय, माझं चुकलं. तेवढं भावातनं कमी करून द्या."

मालकांनी किल्ली काढून दिरांच्या हातात दिली. मग म्हणाले, "मग हिच्याशी बोला भावाचं." आणि दिरांना म्हणाले, "मला त्या बाजूला घे. एक चक्कर मारून आण."

दिरांनी त्यांना पलीकडं बसवलं आणि गाडी नदीच्या रस्त्याला लागली. अंगणात मी आणि तात्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ती पुसत मी म्हटलं, "तुमी खोटं बोललात."

"बिल तर तुमी लपवलंत, ताई," ते म्हणाले, आणि ओट्यावर टेकून त्यांनी पाणी मागितलं.

मी त्यांना त्यांनी आधी सांगितलेला पूर्ण भाव देऊ केला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, पाव्हण्यांनी विचारलं तर काय सांगणार? आजही मधूनच माझ्या मनात येतं, म्हाताऱ्याला दया आली की हातचं गिऱ्हाईक सोडवेना? आणि चोवीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला हलका क्लच कळला नसेल, हेही मला खरं वाटत नाही. पण तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

गाडी परत आली तेव्हा मी खुर्ची घेऊन पुढं झाले. ते उतरेनात. काच खाली करून म्हणाले, "त्यो बारामतीचा दवाखाना सकाळी कितीला उघडतो?"

दहाला उघडतो. पारावर माणसं जमायच्या आत निघता यावं म्हणून मी आठ सांगितलं.