गिरणीवरचा बँड

बंड केल्याशिवाय माणूस मोठा होत नाही. आम्ही दहावीत असताना ते आठवड्यातून दोनदा, साडेचार ते सहा या वेळात, वडीलधाऱ्यांच्या परवानगीने करत असू.

आज सिग्नलला आईच्या स्कूटरवर मागे बसलेला, पाठीला गिटार लावलेला एक मुलगा दिसला आणि आमचा चौघांचा रॉक बँड आठवला. सराव विन्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत चाले. "वाजवता कधी रे? खाली काहीच ऐकू येत नाही," काका विचारत. "तेच बरंय," विन्या म्हणे. तो ड्रमवर होता.

वर्षभराची ही तयारी स्नेहसंमेलनातल्या एका गाण्यासाठी होती. बाईंनी बजावलं होतं, "एकदाच संधी देतेय. फजिती केलीत तर पुन्हा स्टेज नाही." पडदा उघडला, आम्ही सुरुवात केली आणि चौघे चार दिशांना गेलो. इतके दिवस आम्ही विन्याच्या नव्हे, गिरणीच्या पट्ट्याच्या खटखटीवर वाजवत होतो, हे तिथल्या शांततेत कळलं.

"अरे, ठेका धर ना!" मी ओरडलो.

"कशावर धरू?" विन्या म्हणाला.

आपला वाटणारा ताल बहुधा खालच्या मजल्यावरून येत असतो, असं मला हल्ली वाटतं. तेव्हा एवढा विचार करायला वेळ नव्हता. बाईंनी पडदा पाडायला सांगितला. आमच्यानंतर पाचवीच्या मुलींचं कोळीनृत्य होतं. त्याला वन्समोअर मिळाला.