नव्वद मिनिटांनंतर

आमच्या जिन्याखालच्या खोलीत टाकेकाका फुटबॉल शिवतात. हे नाव गल्लीनं ठेवलेलं. खरं नाव टपालवाल्यालाच ठाऊक. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. गुडघ्यांत लाकडी चिमटा, दोन्ही हातांत एकेक सुई, मेण लावलेला दोरा. बत्तीस तुकडे, सहाशेच्या वर टाके, तीन तास. शेवटची गाठ आत ढकलून ते चेंडू उजेडात फिरवतात आणि गाठ कुठे दिसली नाही की स्वतःशीच "हं" म्हणतात.

तीस वर्षं हे काम, पण अख्खा सामना त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. आमचे हे त्यावरून त्यांना चिडवायचे. काका सुई न थांबवता म्हणायचे, "शिंपी काय प्रत्येकाच्या लग्नाला जातो का?"

हे दर रविवारी मैदानावर लाइनमन म्हणून जात. हातात झेंडा घेऊन रेषेच्या कडेनं धावायचं काम. घरी आले की गरम पाण्यात पाय सोडून सामना सांगायचे आणि मी तो रोजनिशीत उतरवायची. खेळातलं मला ओ की ठो कळत नसे. नवा शब्द आला की मी हात वर करायची आणि हे थांबून अर्थ सांगायचे. शब्दाखाली पट्टीनं लाल रेघ, समोर अर्थ. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. शब्द तेवढे त्या पानांत आहेत.

काकांची मुलगी आमच्याच अंगणात वाढली. आई लवकर गेलेली. शिवणीत बिघडलेले चेंडू तिच्या वाट्याचे, अंगणाचं फाटक हा तिचा गोल. ह्यांनी मारलेला चेंडू अडवताना गुडघे फोडून घ्यायची आणि वर "काका, अजून एक!" म्हणून ओरडायची. एकोणिसाव्या वर्षी दूरच्या शहरातल्या एका संघानं तिला गोलकीपर म्हणून बोलावलं. टाकेकाका म्हणाले, "चेंडू शिवायला एक खोली पुरते. तो अडवायला घर कशाला सोडावं लागतं?" तिनं बॅग उचलली. फाटकापाशी मला "येते काकू" म्हणाली. बापाकडे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन. काकांची खिडकी माझ्या गॅलरीखालीच आहे; ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"जेवलीस का?"

मग थंडी आहे का, मग अंगावर घे काहीतरी, मग ठेवतो. दोन मिनिटं, फार तर तीन. फोन ठेवला तरी ते हातात सुई घेत नसत. खेळाचं विचारायचं तर शब्द हवेत, आणि शब्द विचारायचे तर तिच्यापुढे अडाणी ठरायचं. बापाला ते जड जात असणार.

तरी त्यांनी रेडिओ आणला. तिच्या संघाचे सामने दुपारी लागत. समोर गजराचं घड्याळ असायचं. पंचेचाळीस मिनिटं, पंधरा विश्रांतीची, पुन्हा पंचेचाळीस. गजर झाला की रेडिओ बंद. पूर्वी ते कारखान्यात होते. भोंगा झाला म्हणजे काम संपलं, हे अंगात मुरलेलं.

त्या रविवारी गजर झाला तेव्हा तिचा संघ एका गोलनं पुढे होता. सहाला फोन आला तेव्हा काका खुशीत होते. "ऐकलं बरं का सगळं. जिंकलात! तुला तर आज काही कामच पडलं नाही, आरामच झाला."

पलीकडून फोन ठेवला गेला असावा. मग काका दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. नव्वद मिनिटं संपल्यावर, वाढीव वेळेच्या चौथ्या मिनिटाला, समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. काकांच्या मुलीनं ती अडवली. सामना तिच्यामुळे जिंकला होता.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोमवारी काका जिना चढून वर आले, ते सात वर्षांत पहिल्यांदा. मी त्या चार ओळींचं कात्रण त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बोट फिरवत वाचलं.

"वहिनी, नव्वदनंतर काय असतं?"

मी कपाटातून रोजनिशी काढली. ह्यांचे शब्द होते तसेच वाचले: "कुणी पडलं, कुणी बदललं, कुणी मुद्दाम रेंगाळलं, की पंच ती मिनिटं लक्षात ठेवतो आणि शेवटी जोडून देतो."

"वाया गेलेली मिनिटं परत देतात?"

"देतात."

"आमच्याकडे मशीन बंद पडलं तर वर बोलणी खावी लागायची." ते खाली बघत राहिले. "आणि मी अख्खा हंगाम गजर लावून ऐकला हो."

त्या दिवसापासून रोज चारला त्यांची शिकवणी सुरू झाली. मी एक नवी वही केली आणि जुन्या पानांवरचे शब्द तीत उतरवले. गोलच्या रेषेवरून चेंडू बाहेर गेला आणि शेवटचा पाय बचाव करणाऱ्याचा असला, तर कॉर्नर. बाजूच्या रेषेवरून गेला तर थ्रो-इन, दोन्ही हातांनी डोक्यावरून. एकही गोल खाल्ला नाही तर गोलकीपरची क्लीन शीट. पेनल्टी म्हणजे फक्त मारणारा आणि गोलकीपर. बाकीचे सगळे लांब उभे. हे ऐकून काका म्हणाले, "एकटीच?" आणि चहा तसाच ठेवून गेले.

ऑफसाइडला तीन दिवस लागले. शेवटी त्यांनी खालून अवजारं आणली. कात्री गोलकीपर, भोकं पाडायची आरी बचाववाली, मेणाचा गोळा चेंडू. "चेंडू पुढे ढकलला त्या क्षणी," मी वाचत होते, "चेंडूच्याही पुढे उभा असलेला गडी आणि गोल यांच्यामध्ये समोरचे दोघे तरी हवेत." काकांनी गडी म्हणून सुयांचं पुडकं आरीच्या पलीकडे सरकवलं. "हा चोर," म्हणाले. ह्यांनी मला समजावलं होतं ते मीठदाणी आणि चमच्यांनी, याच टेबलावर. ते अर्थ मोठ्यानं वाचताना मी मध्येच उगाच मागचं पान उलटायची. काका तेव्हा खिडकीबाहेर बघत.

पुढचा सामना ते माझ्याकडे बसून ऐकायला आले. घड्याळ खालीच राहिलं, रेडिओ आणि मोबाइल तेवढे वर आले. एक-एक बरोबरी. नव्वद झाली. वाढीव सहा मिनिटं म्हटल्यावर त्यांनी खुर्चीची कड धरली. शिट्टी वाजली तरी बरोबरीच होती. सहा वाजले, सव्वासहा झाले. फोन नाही.

"आपण करावा," मी म्हटलं.

"मी कधी केला नाही."

"म्हणून तर."

त्यांनी लावला. जेवलीस का विचारलं नाही. एका दमात म्हणाले, "त्र्याण्णवाव्या मिनिटाला कॉर्नर होता, तू गोल सोडून बाहेर आलीस आणि मुठीनं घालवलास. भीती वाटली मला. हातात धरायचा ना!"

आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. "बाबा, एवढ्या गर्दीत नाही धरता येत. ओला होता, निसटतो."

"ओला? शिवणीतून पाणी जातंय? शिवलाय कुणी?"

"शिवलेले नसतात आता. चिकटवलेले असतात."

"मग निसटणारच!"

ती हसली. मग म्हणाली, "कुणी शिकवलं? ऑफसाइड सांगा बरं." काका वहीकडे हात करायला लागले, मी वही मागे घेतली. त्यांनी कात्री-आरीसकट सगळं सांगितलं, चोरासुद्धा. आणि मग आवाज खाली आणून, "ती पेनल्टी मी ऐकली नाही गं. गजर लावायचो नव्वदचा. पुढं काही असतं हेच माहीत नव्हतं."

"मला वाटलं, कंटाळून बंद करता."

"तुझ्या खेळाला?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सांग आता. पहिल्यापासून सांग."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच कपबशा विसळल्या. त्या दिवशीच्या पानावर नोंद आहे: फोन, चौतीस मिनिटं.

आता रोज फोन असतो. जे विचारायचं ते काका तिलाच विचारतात, चारला वर येत नाहीत. मी मात्र चारला टेबल पुसते, वही काढते. आठवडाभर ती तशीच मिटलेली राहिली. ह्यांचं बोलणं मोठ्यानं वाचायला कुणी समोर नव्हतं.

काल पावलं वाजली. "वहिनी, तुमच्या वहीत नाही असा एक शब्द आणलाय. पोरीनं सांगितला. स्वीपर-कीपर. जो गोलकीपर गोलपाशी वाट बघत थांबत नाही, पुढे जाऊन बचाव करतो. आपली तशीच आहे म्हणे. लीग संपली की येतेय, दोन महिन्यांनी."

मी शब्द लिहिला, पट्टी ठेवून लाल रेघ मारली, समोर अर्थ लिहिला. फाटकातून धावत बाहेर येणाऱ्या त्या पोरीला हे "आत थांब गं!" म्हणून रागवायचे. ह्यांना हा शब्द सांगायला हवा होता.